आधी शेवट सांग

धुळ्याच्या ऑफिसात जळगावहून नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. "अक्काची तब्येत जरा जास्त आहे, निघून ये." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मला कळलं, माझी आत्या गेली. आमच्याकडे मरणाची बातमी लांबच्या माणसाला कोणी सरळ सांगत नाही. वाटेत त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून "जरा जास्त आहे" म्हणायचं, आणि घरी आणून मग काय ते दाखवायचं. मायेपोटीच करतात सगळे. पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचली तरी मी रडलो नाही. मला नुसती लाज वाटत होती... का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

अक्का विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी लहान होतो. गल्लीत तिचं नाव झालं ते मात्र घरात टीव्ही आल्यावर. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा, निम्मी गल्ली आमच्या सतरंजीवर, आणि अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली. नावं सुरू झाली की तिचा प्रश्न यायचा, "कोन मरस, ते पहिले सांगा." ज्याने सिनेमा टॉकीजला पाहिला असेल त्याने सांगायचं, मगच ती पुढे येणार. नाही सांगितलं तर सरळ आत. मालिकांचं तर विचारूच नका. पुढचं कोणालाच ठाऊक नसल्यामुळे भाग संपेपर्यंत ती मागच्या ओट्यावर बसायची आणि मग सगळं ऐकून घ्यायची. गंमत म्हणजे शेवट कळला की तीच सगळ्यांपेक्षा जास्त रंगून पाहायची. पडद्यावरची आई मरणार हे माहीत असलं, की पहिल्यापासून त्या आईचं तिला कोण कौतुक! पोरं हसायची. मी कॉलेजात होतो, मित्रांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नानांची तर त्याहून लाज वाटायची. सिनेमाला थेरं म्हणणारा हा कडक माणूस रविवारी सकाळी पानाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात विचारत फिरायचा, आजच्या सिनेमात शेवटी काय होतं? मग घरी येऊन बहिणीला सांगायचा, "पोऱ्या वाचस, त्याना बाप मरस. आते बस निवांत." एकदा मी चिडून म्हणालो, "नाना, लोक हसतात. कशाला तिचे एवढे लाड?" नाना म्हणाले, "तिला वरणगावला मीच घेऊन गेलो होतो रे..."

अक्काचे यजमान वरणगावला नोकरीला होते. ती माहेरी, धुळ्याजवळच्या आमच्या गावी आलेली असताना ते झोपेतच गेले. नानांनी तिला सांगितलं, दाजींना ताप आहे, जाऊन येऊ. एसटीत सोबत गावातली दोन माणसं होती, त्यांनाही ठाऊक होतं. अक्का मात्र रस्ताभर बोलत होती. एरंडोलला उतरून तिने नवऱ्यासाठी पेरू घेतले, एकेक दाबून पाहत. "पिशवी मी धरली," नाना म्हणाले. "ती काही गमतीचं बोलली की हसलोही." वरणगावला बायका रडत समोर आल्या, तेव्हा तिने घराकडे नाही, आधी नानांकडे पाहिलं. पुढे कधीतरी एवढंच म्हणाली, "बठ्ठास्ले माहीत व्हतं, माले सोडीसन." सगळ्यांना ठाऊक होतं, एक तिला सोडून. नानांनी हे सांगितल्यापासून टॉकीजला गेलेल्या मित्रांना मीही अक्कासाठी शेवट विचारू लागलो.

यंदाच्या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी नानांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. आत आलो तर तिने विचारलंच, "डॉक्टरनी काय सांगं?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बहिणीला घरबसल्या शेवट आणून देणारा माणूस, पण हा एक शेवट त्यांच्या तोंडून निघेना. मीच म्हणालो, "साधी सूज आहे अक्का, आठवड्याभरात घरी." आणि हसलो. मग नाना हसले, आई हसली, डबा घेऊन आलेली माझी बायकोही हसली. अक्का "बरं" म्हणाली.

मी धुळ्याला परत निघालो तेव्हा नाना खाली चहाला गेले होते. अक्काने मला जवळ बोलावलं. "तुम्ही बठ्ठा हासी राह्यनात, तव्हयच माले समजी गयं," ती म्हणाली. मला मान वर करवेना. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "नानाले सांगू नको माले समजनं म्हनीसन. त्याले जड जाई." "नाही सांगणार," मी म्हणालो. तेवढ्यात नाना आले, आणि ती त्यांच्याशी घरी गेल्यावर कुरडया कधी घालायच्या ते ठरवू लागली.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना सांगतात, "तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, सुखानं गेली." मी शेजारी बसून मान हलवतो. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, सुट्टीला मी जळगावला जातो तेव्हा पेपरची पुरवणी मीच वाचून दाखवतो. मी लिहिलेलं हे छापून आलं, की हेही पान वाचावं लागेल. अक्काला दिलेला शब्द मोडतो आहे, त्याचीही लाज आहेच. पण वाचता वाचता नानांनी मध्येच विचारलं, "तिला कळलं होतं का रे?"... तर या वेळी हसायचं नाही, एवढं ठरवलं आहे.