एक नारळ, तीन चॅप्टर

मूल पाच वर्षांचं असलं की आईची झोप उडवणाऱ्या काळज्या ठरलेल्या असतात. खोकला, शाळा, वजन. माझी झोप मात्र भलत्याच काळजीनं उडाली होती: माझा तिसरा चॅप्टर दुसऱ्याला खोटं पाडत होता, आणि पहिल्याला त्या दोघांचंही तोंड बघायचं नव्हतं!

नव्वदच्या आसपास मी पीएचडी करत होते. एकाच संस्थेचा अभ्यास तीन वेगवेगळ्या सिद्धांतांनी करायचा, असा विषय माझ्या गाइडनं, म्हणजे सरांनी दिला. असा विषय घेतला की प्रबंध जागचा हलत नाही, किस्से मात्र साठत जातात.

माझी संस्था म्हणजे अंबरनाथचा छत्रीच्या काड्या बनवणारा छोटा कारखाना. पहिल्या चॅप्टरमध्ये बघायचं, कारखाना नीट चालतो कसा. दुसऱ्यात, तिथल्या माणसांना त्यात काय अर्थ दिसतो. तिसऱ्यात, सत्ता कोणाची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

*

दर शुक्रवारी मोठ्या प्रेस मशिनपुढे नारळ फुटायचा. मी खूश! पहिल्या चॅप्टरमध्ये लिहिलं, त्या निमित्तानं मशिन पुसलं जातं, अपघात टळतात. दुसऱ्यात लिहिलं, तेवढ्यापुरते सगळे एका घरचे होतात. तिसऱ्यात लिहिलं, मालक हातमोजे द्यायच्या ऐवजी नारळ देतो.

मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ. पहिला चॅप्टर ऐकून म्हणाले, "मॅडम, एकदम बरोबर! ये पन्ना मेरे को दो, फ्रेम करके ऑफिस में लगाता हूँ."

तिसरा चॅप्टर युनियनच्या पुढाऱ्यानं मागून नेला. तोही म्हणाला, "मॅडम, एकदम बरोबर!" आणि फ्रेमबिमच्या भानगडीत न पडता त्यानं ते पान सरळ गेटवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला आत सोडलं नाही. सत्ता कोणाची, ते मला गेटबाहेरून फार स्वच्छ दिसलं!

*

शेठचा राग उतरल्यावर पुन्हा आत गेले आणि पॅकिंगच्या बायकांत जाऊन बसले. दुसऱ्या चॅप्टरचा नियम असा की माणसांना बोलतं करायचं, आपण मध्ये पडायचं नाही.

"ताई, नारळ फुटतो तेव्हा मनात काय येतं?"

"काय नाय."

"तरी पण? आनंद, भीती, काहीतरी?"

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी सुनंदा हातातली काडी खाली ठेवून माझ्याकडे वळली. मग अगदी कळवळून म्हणाली, "बाई, घरात कोनी बोलत नाय का तुमच्याशी?"

*

टायपिंग उल्हासनगरच्या एका काकांकडे. माणूस प्रामाणिक, हात वेगवान. गठ्ठा परत देताना म्हणाले, "मॅडम, बहुत गलती थी आपकी. पहिल्या चॅप्टरमध्ये शेठ अच्छा, तिसऱ्यात शेठ खराब! शरम की बात है."

"अहो, पण ते तसंच…"

"टेन्शन नहीं. मैंने सब जगह अच्छा कर दिया."

*

विद्यापीठातल्या समितीपुढे गेले. तिथले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "यातला खरा सिद्धांत कोणता?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "तिन्ही."

"मग हिला तीन पीएचडी द्याव्या लागतील!"

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "तिन्ही एकत्र कर." मी सहा महिने खपून एकत्र केले. वाचून सर म्हणाले, "एकत्र कशाला केलेस? शेजारी शेजारी ठेवायचे होते!"

*

याच सुमारास लेकीनं, मनूनं, शाळेतला डबा खाणं बंद केलं. आता माझी सवय अशी झालेली, की मी नवऱ्याला डब्याचं कार्य, डब्याचा अर्थ आणि डब्यामागची सत्ता, असं सगळं समजावलं. तो बूट घालता घालता म्हणाला, "आणि भूक लागल्यावर तिला यातलं काय वाढणार आहेस?"

*

शेवटी माझं रजिस्ट्रेशन संपायला एकच दिवस उरला. सरांची सही झाली तर प्रबंध जाणार, नाही तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात! सर आमच्या कुळगावात एका लग्नाला येणार होते. "तुझ्या घरीच येतो," म्हणाले. आधी दोनदा असेच घरी येऊन, लाडू खाऊन, "अजून विचार कर" म्हणून गेले होते.

आले. खुर्चीत बसले. पानं उलटली, पुन्हा उलटली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, नवरा भिंतीला टेकून, मी स्टुलाच्या कडेवर.

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन तसंच हातात धरून ते एकदम मनूकडे वळले. संस्था कोणतीही असो, सरांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

"काय गं, तुमच्या घरात मालक कोण?"

मनूनं आजीकडे बघितलं. बाबाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि सरांकडे बोट दाखवलं.

"तुम्ही!"

सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त.

"मी? अगं, ते कसं काय?"

"तुम्ही येणार म्हटलं ना, की बाबा पंखा पुसतात, आजी चांगले कप काढते, आणि आई मोरीत जाऊन रडते."