पातं कोणतं लावायचं?

किस्से लाकडाच्या भुशासारखे असतात. रविवारी गॅरेज कितीही झाडा, सोमवारी ऑफिसात खिशातून निघतातच.

झाशीत आम्ही तिघं रविवारी सुतारकाम करतो. म्हणजे सकाळभर पातं कोणतं लावायचं यावर भांडतो आणि जेवणाआधी थोडं लाकूड कापतो. बर्वे आणि मी एकाच कंपनीत इंजिनियर. निमकर इथल्याच जुन्या मराठी घराण्यातला. शिव्या बुंदेलीत देतो, सल्ले मराठीत.

*

पहिल्याच रविवारी बर्वेने गोल करवतीला नवं पातं चढवलं. प्लायवर टेकवलं, तर नुसता धूर!

"मोटर कमजोर आहे," बर्वे म्हणाला.

"भैया, मोटर ठीक है. पातं उलटं बसवलंय तुम्ही!" निमकर म्हणाला.

आणि हा डिझाइन विभागातला माणूस! दुसऱ्या दिवशी त्याने पात्यावरच्या बाणाशी जुळवायला करवतीवर लाल रंगाने हा एवढा बाण काढला. तेव्हापासून पातं तोच बसवतो. पुन्हा कधी चुकला नाही.

*

निमकरचा जीव मोठ्या, विरळ दातांच्या पात्यावर. "जल्दी कापतं जी!"

त्याच पात्याने त्याने घरासाठी प्लायचं शेल्फ कापलं. सगळ्या कडा फुटल्या. वहिनींनी कडेवरून बोट फिरवलं. "हे तुम्ही कापलंत, की उंदरांकडून करून घेतलंत?"

*

मऊरानीपूरहून निमकर एक जुनं दार घेऊन आला. "सगळे खिळे मी स्वतः काढलेत."

ठण्ण! पात्याचे दात उडाले.

"मग हा कोणाचा?" बर्वे ओरडला.

"जी, मी माझ्या पिढीचे काढले. हा आजोबांचा असेल!"

*

एकदा जेवताना मी बायकोला समजावत होतो. लाकूड रेषांच्या बाजूने चिरायचं तर कमी दातांचं पातं, आडवं कापायचं तर जास्त दातांचं, प्लायला त्याहून बारीक.

सुधा म्हणाली, "पात्याचे दात तोंडपाठ आहेत. माझी कोणती दाढ दुखतेय, सांगा बघू?"

"डावीकडची."

"ती गेल्या आठवड्यात काढली. तुम्हीच स्कूटरवरून घेऊन गेला होतात!"

सुधा गेल्या वर्षी गेली.

*

मागच्या रविवारी मी आमचा सागवानी डबल बेड सोडवून गॅरेजमध्ये आणला.

"एकट्याला एवढा कशाला? मधोमध कापू. सिंगल होईल," मी म्हणालो.

पात्यावरून भांडण झालं नाही. डोक्याकडच्या फळीवर मी पेन्सिलीने रेघ ओढली. रेघेपलीकडे सुधाच्या खोबरेल तेलाचा डाग होता.

बर्वेने बारीक दातांचं पातं काढलं, पुसलं, चढवलं. सवयीप्रमाणे आधी एका तुकड्यावर करवत चालवून पाहिली.

नुसता धूर!

करवतीवरचा लाल बाण एकीकडे, पात्यावरचा दुसरीकडे. मी बर्वेकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

निमकर खाली वाकला. दोन्ही बाण त्याने नीट पाहिले. मग उठून हात झटकले.

"मोटर कमजोर आहे," तो म्हणाला.