हिरव्या साडीखालचे मोजे

नवरात्रात आई उपवास धरते आणि चप्पल घालत नाही. घट बसले की तिची चप्पल दारामागे उभी राहते ती थेट दसऱ्यालाच खाली येते. लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे, कारण आमच्या गावातल्या निम्म्या बायका नवरात्रात तशाच असतात. मी शहरात शिकायला आल्यापासून मात्र ती हे माझ्या नावाने करते. माझ्या शिक्षणात खंड पडू नये, असा तिचा नवस आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे नवस तिला मोडवत नाही, आणि मोड असं मला म्हणवत नाही.

यंदा श्रावणात तिला शुगर निघाली. आमच्या गावाजवळच्या फुलंब्रीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि हातात कापूस घेऊन विचारलं, "तळव्याला लागतंय का?" ती लगेच म्हणाली, "व्हय, लागायलंय की." डॉक्टरांनी कापूस अजून टेकवलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पायाला काही टोचलं तर हिला कळणार नाही, हिला अनवाणी चालू देऊ नका, आणि गोळी रिकाम्या पोटी नको, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी मान हलवली. घट बसायला तेव्हा बरेच दिवस होते.

मी शहरात गारखेड्यात एका खोलीत राहते. सोबत पैठणची एक मैत्रीण आहे. नवरात्रात आमच्या कॉलेजात मुली रोजच्या रंगाचे कपडे घालून येतात. माझ्याकडे तेवढे रंग नाहीत. मैत्रिणीच्या ओढण्या घेऊन मी कसंबसं जुळवते आणि दिवसभर कुणाच्या लक्षात तर आलं नसेल ना, याचा विचार करत बसते. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती की कडक उपवासाने चेहरा उजळतो. मला ते पटलं असं नाही, पण हनुवटीवर पुटकुळ्या आल्या होत्या आणि फोटो तर रोजच निघणार होते. म्हणून मी केळं आणि चहावर राहायला लागले. चेहरा उजळला नाही. पुटकुळ्या गालावर चढल्या.

"उपवास करायलीस का देवीला घाबरवायलीस?" मैत्रीण म्हणाली.

संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"फराळ केला का गं?"

"केला. तू?"

"केला की."

"गोळी?"

"व्हय, व्हय."

फोन ठेवल्यावर मला वाटायचं, ती खरं बोलत नसावी. पण मीही बोलत नव्हते, त्यामुळे पुढे विचारायचा धीर होत नसे.

हिरव्या रंगाच्या दिवशी आई शहरात कर्णपुऱ्याच्या देवीची ओटी भरायला आली. मी तिला आणायला बसस्टँडवर गेले. हिरवी साडी, हातात पिशवी, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. एसटीतून उतरता उतरता ती म्हणाली, "तोंड कसलं उतरलंय गं. हितं खायला देत नायत व्हय?" मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मी तिच्या पायांकडे बघत होते.

खोलीवर आल्यावर मी तिला पलंगावर बसवलं आणि बादलीत पाणी घेऊन तिचे पाय धुवायला लागले. ती संकोचून पाय मागे घेत होती. उजव्या टाचेजवळ बोरीचा काटा मोडून आत बसला होता. आजूबाजूची कातडी लाल झाली होती.

"हा कधी रुतला?"

"कुठं काय रुतलंय?"

तिने वाकून बघितलं. मग तिने बोट लावून बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मला नीट कळलं, ते तेव्हा. मला काटा काढवेना. मैत्रिणीने भुवया कोरायचा चिमटा पाण्यात उकळला आणि काटा तिनेच काढला. आई भिंतीकडे बघत होती. तिला काही जाणवतंय का, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"गोळी तरी चालू आहे ना?" मी विचारलं.

"डॉक्टरच म्हणले ना, रिकाम्या पोटी घेऊ नका. म्हणून घट बसल्यापासून बंद ठेवलीय." डॉक्टरांचं शब्दशः ऐकल्याचं तिला समाधान वाटत होतं.

मी तावातावाने उठले. काहीतरी बोलणार होते, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दाराची चौकट धरली. मैत्रिणीने मला खाली बसवलं.

"काकू, ही पण तुमचीच लेक आहे," ती म्हणाली. "केळं अन् चहा, बास. तेवढ्यावर चाललंय हिचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. "अन् मला फोनवर फराळ केला म्हणायलीस?"

"तू पण तेच म्हणायलीस."

मग मी फुलंब्रीच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर रागावले. उपवास सोडा, म्हणाले. अगदीच सोडत नसतील तर निदान दोन वेळा पोटभर खाऊन गोळी घ्या, अनवाणी नको, आणि परत आल्यावर जखम दाखवून जा. फोन स्पीकरवर होता. आईने पदर सावरून ते ऐकलं, जणू ते समोरच बसले होते.

खाण्याचं तिने ऐकलं. तेही मी खाणार असेन तर. मैत्रिणीने भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, आणि आईने माझ्या ताटावर नजर ठेवून आपलं ताट संपवलं. गोळी माझ्यासमोर घेतली. पण चप्पल म्हटलं की ती मान फिरवायची.

"तुझं शेवटचं वर्ष हाय. आता मोडला तर देवी काय म्हणंल?"

"अन् पायाला काही झालं, तर मी शिकेन का?"

"तसं अभद्र बोलू नको."

मला देवीशी वाद घालायचा नव्हता. मलाही तिची भीती वाटते. बराच वेळ विचार करून मी म्हटलं, "आई, घटापुढे तू सतरंजीवर बसतेस. मग नवस मोडतो का?"

"सतरंजी म्हंजे काय चप्पल हाय व्हय?"

मी माझ्या कॉलेजच्या बुटांतले मऊ तळवे ओढून काढले, जखमेवर पट्टी बांधली, जाड पांढरे मोजे आणले आणि ते तळवे मोज्यांच्या आत सरकवले. "ही तुझी सतरंजी. पायाला बांधलेली." याने डॉक्टरांचं समाधान झालं नसतं, हे मला माहीत होतं. पण तिच्या उघड्या टाचेपुढे मला तेवढंच सुचलं.

तिने मोजे उलटसुलट करून बघितले. देवीचं तिला पटलं असावं, कारण आता तिला दुसरीच काळजी लागली. "हिरव्या साडीखाली पांढरं मोजं? लोकं म्हणतील, म्हातारी क्रिकेट खेळायला आली."

"मी पण घालते."

त्या दिवसासाठी मी मैत्रिणीच्या नव्या सँडल मागून घेतल्या होत्या, हिरव्या ड्रेसवर शोभतील अशा. त्या तिथेच ठेवून मीही मोजे चढवले. मैत्रीण हसून हसून पलंगावर आडवी झाली.

कर्णपुऱ्याच्या यात्रेत लोक बघत होते. पुढच्या दोन मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या आणि मी ओढणीने गालावरच्या पुटकुळ्या झाकत होते. रांगेतल्या एका बाईने विचारलंच, "हे काय हो बाई?"

"नवी पद्धत हाय," आई ठसक्यात म्हणाली. "शहरातली."

ओटी भरताना तिने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. खाली नारळाच्या फुटक्या करवंट्या पडल्या होत्या आणि तिचं पुढचं पाऊल कुठे पडतंय, ते मला बघायचं होतं.

आई गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच आधी फोन केला.

"मोजे काढून बघितलंस का?"

"बघितलं. काळं झालंत."

"आणि तळवा?"

"मला नीट दिसत नाय. शेजारणीला दावला, हितंच बसलीय ती. लाल नाय म्हणली."

"दवाखान्यात गेलीस?"

"उद्या जाते."

"गोळी?"

"व्हय, व्हय."

हा व्हय मी ओळखत होते.

"तू काय खाल्लंस?" तिने विचारलं.

"पोळी-भाजी. खरंच. माझ्या मैत्रिणीला विचार."

"नको. तू म्हणतीस तर व्हय."

"तुझ्या गोळीचं मी नाही तसं म्हणणार," मी म्हटलं. "शेजारणीकडे फोन दे."

"कॉलेजात शिकायलीस का पोलिसात?" ती पुटपुटली. पण फोन तिने हातातच ठेवला आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग गोळीच्या पाकिटाचा. मग पाणी पिण्याचा.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता देते शेजारणीकडं."