मोडीतल्या मशिनांचा क्लास

घोटावड्याच्या स्नेहलने कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो २००५ साली, लग्नानंतर सहा वर्षांनी. घरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. त्यांतल्या एकीत रजनी राहायची, मूळची लातूरची, हिंजवडीत नोकरीला. तिच्या ऑफिसने जुनी मशिनं मोडीत काढली तेव्हा तिने दोन आणली. विंडोज त्यांवर रखडायचं, म्हणून तिने विंडोजऐवजी जुन्या मशिनला झेपेल अशी हलकी, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली.

"वहिनी, बिघडलं तर बिघडू दे," ती म्हणाली. "सीडी आहे, पुन्हा टाकू."

स्नेहलने तीनदा बिघडवलं. चौथ्यांदा तिनेच सीडी घालून सगळं पुन्हा सुरू केलं. पुढच्या वर्षी रजनी पुण्यात राहायला गेली आणि मशिनं ठेवून गेली. रिकाम्या खोलीत स्नेहल गावातल्या मुलींना शिकवू लागली. तिच्या सासूबाई तुळजाबाई एवढंच म्हणाल्या, "खोली भाड्यानं जाईस्तवर चालव."

२००७ साली जवळच्या कारखान्यात नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा झाली. क्लासमधली भारती, गावातल्या भैरू शेलारांची मुलगी, दहा मिनिटांत उठून आली. तिथल्या मशिनवर विंडोज होतं. फाइल कुठून उघडायची तेच तिला सापडेना. भैरू दारात येऊन म्हणाले, "तुमी शिकवलं ते दुसरंच निघालं. पोरीचं हसं झालं."

मुलींना लिनक्सबरोबर विंडोजही दाखवायला हवं होतं, हे स्नेहललाही पटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली आणि तिथलं मशिन बघू द्या म्हणाली. साहेबांनी तिला बसवलं. थोडी चाचपडली, मग समोरचं पत्र तिने सरळ टाइप करून दिलं.

"तुम्हीच का येत नाही कामाला?" साहेबांनी विचारलं.

ती भारतीला शिकवता यावं म्हणून मशिन बघायला आली होती. तरी हो म्हणाली.

भैरू वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. भारतीला न मिळालेली ती जागा आपण का घेतली, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. कामावरून आल्यावर ती क्लास घ्यायची, आणि भारती बापाला न सांगता येत राहिली. स्नेहलला तिच्याकडे बघून बोलणं पहिले काही महिने जड गेलं.

२०१० पर्यंत क्लास भारतीच चालवू लागली होती. एक मशिन कायमचं बंद पडलं, तेव्हा तिने त्यातली मेमरी काढून दुसऱ्यात बसवली. नोकरीची परीक्षा मात्र तिने पुन्हा दिली नाही.