डेलियाला न ओळखता येणारा पाहुणा

फडक्याआडचा माणूस ओळखण्यात डेलियाचा हात धरणारं आमच्या डोंगरात कुणी नाही. सॉविनच्या संध्याकाळी, जिला बाहेरचे लोक हॅलोवीन म्हणतात, गुरं डोंगरावरून खाली आलेली असतात, खिडक्यांत कोरलेल्या सलगमांचे दिवे पेटलेले असतात आणि आम्ही जुने कोट उलटे घालून, तोंडावर फडकी बांधून घरोघर फिरतो. बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज बदलतो. घरवाल्यांनी ओळखलं तर फडकं काढायचं. नाही तर मनुकांच्या पावाचा तुकडा घेऊन पुढं जायचं.

"नेल, नवऱ्याची विजार त्याच्यापेक्षा तुलाच शोभते गं!" डेलिया म्हणते आणि नेलचं फडकं उतरतं.

फक्त सगळ्यांच्या शेवटी एकटाच येणारा एक उंच माणूस तिला दरवर्षी चकवायचा. "पोस्टमन? नाही? मग बिशपच असणार!" तो मान हलवायचा, पाव घ्यायचा, निघून जायचा. मला नवल वाटे. त्याची वाकडी करंगळी मलासुद्धा दिसत होती. तो तिचा भाऊ, मॉर्टी. वडिलांना कुठल्या दफनभूमीत पुरायचं यावरून दोघं भांडले, तेव्हापासून बोलणं बंद.

एकदा मी विचारलंच. पीठ मळता मळता ती म्हणाली, "ओळखलं तर फडकं काढावं लागेल. काढलं की तो मॉर्टी. आणि मॉर्टी माझ्या घरी येत नाही."

यंदा तो काठी टेकत आला. घर माणसांनी भरलेलं. चुलीजवळची एकच खुर्ची रिकामी होती. त्या संध्याकाळी घरी येणाऱ्या मृतांसाठी ठेवलेली. तिच्यात जिवंत माणूस बसत नाही. तो धपकन तिच्यातच बसला.

"मॉर्टी! ऊठ, बाबांची जागा आहे ती!"

बोलून गेल्यावर डेलियानं तोंडावर हात ठेवला. मॉर्टीनं दाराकडं पाहिलं. मग मानेमागची गाठ चाचपू लागला. ती सुटेना, तेव्हा डेलियाच पुढं झाली.

"गाठ मारायची अक्कल अजून आली नाही तुला."

"गुडघे गेलेत माझे. बसू कुठं?"

"माझ्या जागी बस."

तो बसला. कप हातात आल्यावर म्हणाला, "पण बाबांना तू चुकीच्याच जागी पुरलंस."

"आधी चहा पी," डेलिया म्हणाली. "भांडायला अख्खा हिवाळा पडलाय."