आतलं बटण

घोडपदेवचा आमचा मेकॅनिक बोलतानाही गाडीचा बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरच्या पडद्यावरून नजर हलवत नाही. “थांब रे, गाडीला बोलू दे,” म्हणतो. त्या दिवशी आईला वृद्धाश्रमात सोडायला निघालो, तर चालत्या गाडीत दाराचं लॉक सारखं उघडत होतं, म्हणून त्याच्याकडे थांबलो. स्कॅनर जोडून तो मागे बसला. मी गाडीची एक फेरी मारली, तर लॉक पुन्हा उघडलं.

“लॉक चांगलं आहे रे. आतून कुणीतरी बटण दाबतंय...” म्हणता म्हणता त्याने पडद्यावरून नजर उचलली. माझ्या शेजारी बसलेल्या आईचं बोट अजून बटणावरच होतं.

त्याने स्कॅनर बंद केला. “मावशी, उतरायचंय का?”

आईने होकारार्थी मान हलवली. त्याने दार उघडून तिला हात दिला, गॅरेजमध्ये खुर्चीवर बसवलं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. त्या दोघांसमोर उतरायची मला लाज वाटत होती.