केळीच्या पानावर गिअरबॉक्स

आमच्या घरात भांडी मी घासतो, आणि त्यामुळेच आमच्या अँबॅसडरचा क्लच दुसऱ्यांदा बिघडला. या दोन गोष्टींचा संबंध कळायला आखाजीपासून सुरुवात करावी लागेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. माझी आत्या दापोऱ्याला दिलेली. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या घरून ते काही फार लांब नाही, तरी दर आखाजीला आप्पा (माझे वडील) पांढरी अँबॅसडर पुसूनबिसून तिला आणायला जायचे. लहानपणी मागच्या सीटवर मी असायचो. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा, खिडकीतून केळीच्या बागांचा गार वारा आणि पुढे त्या दोघा भावंडांचं अखंड भांडण!

मग क्लच गेला, गिअर कुरकुरायला लागले आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. आत्यानं निरोप धाडला, "दादाची गाडी येईन तं मी येईन. रिक्षात कोंबून न्यायले मी काय मेथीची जुडी आहे?" तीन आखाज्या ती आली नाही. आप्पांनी त्या तिन्ही दिवशी आमरसाची दुसरी वाटी घेतली नाही.

शेवटी मी जाहीर केलं, "गाडी मी दुरुस्त करणार. घरीच!"

"तुम्ही?" बायको वंदना म्हणाली. "परवा मिक्सरचं झाकण बसेना तुमच्याच्यानं!"

शेजारचे युसुफ मिस्त्री कळवळून म्हणाले, "भैया, गिअरबॉक्स है, पतंग नहीं. मी करून देतो ना!"

"नको. मी सगळे व्हिडिओ पाहिलेत." (सगळे पाहिले होते. निम्मे तर दोनदा!)

अंगणात केळीची पानं अंथरली आणि निघेल तो भाग पंगतीसारखा वाढत गेलो. मिठाच्या जागी वॉशर, चटणीच्या जागी बेअरिंग, भाताच्या जागी दातेरी चाकं. नियम एकच : जसं निघालं तसं ठेवायचं, जसं ठेवलं तसंच बसवायचं. आप्पा काठी टेकत आले, पंगत न्याहाळून म्हणाले, "दिनू, तूप वाढायचं राहिलं." मी ग्रीसचा डबा आणला.

आठ दिवसांत सगळं घासूनपुसून बसवलं. एकच स्प्रिंग उरली. (ती आप्पांच्या बॉलपेनची निघाली!)

आखाजीच्या सकाळी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. कर्रर्र! क्लच दाबा नाहीतर नका दाबू, गाडीला काही फरकच नाही.

"क्लच सुटतच नाही," युसुफभाई म्हणाले. "खोलावं लागेल."

आप्पा टोपी घालून गाडीत बसलेसुद्धा होते. "खोला उद्या. आखाजी आज आहे."

"मग गिअरात टाका आणि स्टार्टर मारा. पण थांबलात की बंद पडेल, बरं का!"

पहिल्याच उडीत गाडीनं वंदनाच्या वाळत घातलेल्या दोन साड्या अंगावर घेतल्या. पुढचा गिअर पडेना, म्हणून पहिल्यातच रांगत निघालो. एक सायकलवाला खिडकीशी येऊन हळूच विचारतो, "काकाजी, मयत कोणाची?"

दापोऱ्यात आत्या नवं लुगडं नेसून, डबा घेऊन दारातच उभी! मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मेली. स्टार्टर एकदा कण्हला, मग बॅटरीनंही मान टाकली. आत्या आप्पांशेजारी मागच्या सीटवर बसली. "मी बसले. आता आणायची सोय तू पाह्य."

शेवटी केळीचे घड घेऊन बुऱ्हाणपूरला निघालेल्या ट्रॅक्टरला दोर बांधला. मी स्टिअरिंग धरून बसलो. इंजिन बंद असल्यामुळे मागचं भांडण उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला शब्दन् शब्द ऐकू आलं. (विषय : साठ वर्षांपूर्वी कोणाची कैरी कोणी खाल्ली.) आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मध्येच आत्या म्हणाली, "दादा, आपली गाडी एवढी गुपचूप कधीच चालली नाही. दिनूनं भारीच काम केलं!"

दुसऱ्या दिवशी युसुफभाईंनी गाडी खोलली. क्लच प्लेट म्हणजे थाळीएवढी गोल चकती, एका अंगानं फुगीर. ती हातात धरून त्यांनी विचारलं, "ये उलटी किसने लगाई?"

मला लख्ख आठवलं. प्लेट पुसून झाल्यावर, वीस वर्षांच्या सवयीनं, मी ती निथळायला पालथी घातली होती! आणि ठेवली तशीच बसवली होती!

आता गाडीची दुरुस्ती युसुफभाईंकडे असते आणि गाडी झकास चालते. गेल्या आखाजीला आत्या तिच्यातूनच आली. जेवणं झाल्यावर मी ओळीनं सगळी ताटं घासून पालथी घातली. आत्या बराच वेळ पाहत होती. मग वंदनाला म्हणाली, "पाह्य वं, आपला मिस्त्री हाताचा किती सफाईदार आहे!"